हात चालंना, सर

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून २४ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय. नाव-गाव अर्थातच देत नाही. शाळेत असताना त्याला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘ए’ ग्रेड मिळाली होती. घरची शेती कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस, त्यामुळे चित्रकलेच्या कॉलेजला जाणं परवडलं नाही. बी.ए. केलं आणि गेली तीन वर्षं तो एका फ्लेक्स-ऑफसेटच्या दुकानात डिझायनर आहे. वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, श्रद्धांजलीचे फलक असं काम. दोन वर्षांपूर्वी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून त्यानं बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट (पेन पाटीवर फिरतो, चित्र लॅपटॉपवर उमटतं) घेतला आणि रात्री घरी स्वतःची चित्रं काढायला लागला. आषाढीच्या आठवड्यात टाकलेलं वारीचं एक चित्र इन्स्टाग्रामवर भरपूर फिरलं. पुढच्या चित्रांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता सात-आठ महिन्यांत एकही चित्र पुरं झालेलं नाही.

तो लिहितो, ‘फाइल उघडतो, दोन रेघा मारतो, कंट्रोल झेड. परत दोन रेघा, परत कंट्रोल झेड. साधा गोल काढला तरी वाकडा येतो. हात चालंना झालाय सर, काहीच सुचंना गेलंय.’ त्यात भर म्हणून मालकानं परवा मोबाइलवर एआयकडून अर्ध्या मिनिटात महाराजांचं चित्र करून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आता डिझायनर कामून ठेवायचा?’ वडिलांचं म्हणणं, पोलीस भरतीचं बघ.

त्याला विचारायचंय की गेलेली प्रेरणा परत कशी आणायची, कर्ज काढून पुण्याला अ‍ॅनिमेशनचा कोर्स करावा का, की हा नादच सोडून द्यावा.

*

तू मला सर म्हटलंयस, तेव्हा एकेरीवर येण्याचा हक्क घेतो.

तुझं एक गृहीतक आधी बाजूला काढू. तुला वाटतं की पूर्वी तुझ्या आत काहीतरी होतं आणि ते आता आटलं. पण तुझ्याच पत्राचं दुसरं पान पुन्हा वाच. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांबद्दल तू किती खुशीत लिहिलंयस! शनिवारी शाळा सुटली की ते ग्रेड परीक्षेला बसलेल्या पोरांना थांबवून घ्यायचे. टेबलावर पितळी तांब्या, दोन वांगी, मागे मुद्दाम चुरगळून टाकलेला पडदा. ‘घंटा होईपर्यंत संपवा’ एवढं बोलून ते खिडकीपाशी जाऊन बसायचे. आता मला सांग, विषय कुणी ठरवला होता? सरांनी. कागद केवढा? परीक्षेला असतो तेवढा. रंग? पेटीत बारा होते, ते. थांबायचं कधी? घंटा झाली की. त्या वयात तुला प्रेरणेची गरजच पडली नव्हती. चित्राभोवतीचे सगळे निर्णय कुणीतरी आधीच उरकून ठेवलेले असायचे आणि तुझ्याकडे फक्त तांब्याकडे नीट बघायचं काम उरायचं.

आता रात्री अकराला तू लॅपटॉप उघडतोस. विषय तूच ठरवायचा. आकार तूच ठरवायचा. रंग एक कोटी ६७ लाख. ब्रश शेकड्यांनी, लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, लागतील तेवढे. घंटा नाही, म्हणजे संपल्याचं सांगणारंही कुणी नाही. आणि हे सगळं लोक बघणार आहेत म्हणून पहिल्या रेघेपासून झकास जमलं पाहिजे! दिवसभर माउस फिरवून, ‘दादांचा फोटो अजून मोठा करा’ असं दहा जणांकडून ऐकून आलेल्या माणसाला त्या वेळी एवढे निर्णय घेता येत नसतील, तर मला त्यात नवल वाटत नाही. प्रेरणा कुठून आणायची हा प्रश्न तू सोडून दे. तुझ्या चित्राभोवती सरांसारखी बांधून दिलेली चौकट कशी उभी करायची, हा प्रश्न धर. त्याला उत्तर आहे.

पण त्याआधी त्या वारीच्या चित्राचं बघू, कारण खरी गोची मला तिथं दिसते.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका शिशुवर्गात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची, मुळातच चित्रं काढायला आवडणारी पन्नासेक मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान प्रमाणपत्र मिळेल, सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं. काहींना चित्र काढून झाल्यावर तेच प्रमाणपत्र अवचित दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन पुन्हा मांडून ठेवले, बक्षिसाचा विषय न काढता. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं त्या मुलांनी चित्रं काढण्यात घालवलेला वेळ बाकीच्यांच्या साधारण निम्मा भरला. अवचित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

चार वर्षांच्या अमेरिकन पोरांचा प्रयोग जसाच्या तसा तुला लावायला मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. पण तुझ्या चित्रांची जी यादी तू दिलीयस, तीच बघ. वारीच्या आधी तू काय काढलंस? चहाच्या टपरीवरची काळी पडलेली किटली. कापूस वेचून आलेल्या आईची बोटं. एसटी स्टँडवर पिशवीवर डोकं ठेवून झोपलेला म्हातारा. यातलं एकही कुणी मागितलं नव्हतं. वारीनंतर काय काढलंस? विठ्ठल. पुन्हा विठ्ठल. दिंडी. तुळस डोक्यावर घेतलेली बाई, जी प्रत्येक आषाढीला हजार जण काढतात. पुढे तू स्वतःच लिहिलंयस, ‘खरं तर तेव्हा मला विठ्ठल काढायचा नव्हता.’ मग काढलास का? कारण बक्षीस तिथं होतं. आणि दोन-तीनदा काढूनही मिळालं नाही, तेव्हा हात थांबला. मला तर उलट वाटतं, थांबला ते शहाणपणच केलं त्यानं.

आषाढीच्या आठवड्यात विठ्ठलाचं काहीही टाकलं तरी ते चार लोक पुढे पाठवतातच. तुझं चित्र चांगलं असेलही. पण ते फिरलं त्यात तिथीचा वाटा मोठा होता. पुढच्या चित्रांना लाइक आले नाहीत म्हणून ती वाईट ठरत नाहीत. हे तुला डोक्यानं कळतं, मला माहीत आहे. बोटाला कळायला वेळ लागेल. म्हणून पुढचे दोन महिने काही टाकायचं नाही. खातं डिलीट करण्याचं नाटक नको, ‘ब्रेक घेतोय’ अशी स्टोरीही नको (ती पण एक पोस्टच असते). नुसतं टाकायचं नाही. घरच्यांना, दुकानातल्या पोरांनाही दाखवायचं नाही. कुणी बघणार नाही हे पक्कं झाल्याशिवाय वाईट चित्र काढायची मुभा माणूस स्वतःला देत नाही, आणि तुला सध्या भरपूर वाईट चित्रं काढायची आहेत.

कंट्रोल झेडचंही मूळ इथंच आहे. तू रोज तासभर जगातल्या उत्तम चित्रकारांच्या रील बघतोस. त्यानं नजर तयार होते, चांगलंच आहे. पण नजर बघून सुधारते, हात केल्याशिवाय सुधरत नाही. सात-आठ महिने नजर पुढे गेली आणि हात होता तिथंच राहिला. आता तुझी रेघ तुलाच पसंत पडत नाही. दोन वर्षांपूर्वी पडायची, कारण तेव्हा चूक दिसत नव्हती. हे लक्षण वाईट नाही. फक्त रेघ पुसून हे अंतर भरणार नाही.

आता त्या वाकड्या गोलाबद्दल. तो कदाचित तुझा दोष नसेलच. बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर काढायच्या जागेचं लांबी-रुंदीचं प्रमाण आणि लॅपटॉपच्या स्क्रीनचं प्रमाण वेगळं असेल, तर हात गोल फिरतो आणि स्क्रीनवर अंडं येतं. टॅबलेटच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जा. तिथं टॅबलेटचा किती भाग वापरायचा ते ठरवता येतं. ते प्रमाण स्क्रीनइतकं, बहुतेक लॅपटॉपवर १६:९, करून घे. मग टॅबलेटवर वाटी उपडी ठेवून तिच्या कडेनं पेन फिरव आणि स्क्रीनवर काय उमटतं बघ. पेनचा दाबही तिथंच कमी-जास्त होतो. शेतात काम केलेला हात जड असतो, कंपनीनं ठेवलेलं सेटिंग त्याला जुळेलच असं नाही. आणि पेनचं टोक काढून बघ. दोन वर्षांत ते एका बाजूनं झिजलेलं असणार. जोडीला आलेली जादा टोकं खोक्यात पडली असतील. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यासाठी कसलीही प्रेरणा लागत नाही.

‘फ्लेक्सच्या कामानं माझ्यातला कलाकार मेला’ हे तुझं वाक्य मात्र मला मान्य नाही. त्या कामानं तू दमतोस, हे खरं. मनगट, मान, डोळे सगळ्यांची वाट लागते, म्हणून रात्री अकराला चित्र काढणं बंद कर. दुकान दहाला उघडतं ना? मग सकाळी काढ. नाही जमलं तर फक्त रविवारी काढ. पण दमल्या हातानं बसून स्वतःला नालायक ठरवायचा रोजचा कार्यक्रम थांबव. बाकी, भर चौकात मोटारसायकलवरून जाणाऱ्या माणसाला दोन सेकंदांत काय वाचता येईल, कुठं जागा मोकळी सोडायची, वीस शुभेच्छुकांचे चेहरे एका रांगेत कसे बसवायचे, हे तुला झोपेत येतं. चित्रातली मांडणी म्हणजे आणखी वेगळं काय असतं? आणि तुझ्या दुकानात अशी एक गोष्ट फुकट पडलेली असते, जी मोठ्या शहरातल्या चित्रकारालाही विकत घ्यावी लागते.

कटिंग मशीनखालची कात्रणं. पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं कापली की लांबट पट्ट्यांचा ढीग पडतो आणि संध्याकाळी रद्दीत जातो. त्यातली मूठभर रोज उचल. गुळगुळीत आर्ट पेपर नको, त्यावर बॉलपेन घसरतो. मॅपलिथोच्या, म्हणजे साध्या न चकाकणाऱ्या कागदाच्या, पट्ट्या घे. चार बोटं रुंद, वीतभर लांब. स्टेपलर मारून गड्डी कर आणि काउंटरच्या खणात ठेव. गिऱ्हाईक प्रूफ बघत उभं असतं तेव्हा काढ. बॅनरवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावर वाद घालणारे चार जण, बोटांवर नावं मोजणारा तो पुढारी, जमिनीवर फ्लेक्स पसरून गुडघ्यानं दाबत कडेला रिंगा मारणारं पोरगं. त्या पोराची पाठ कशी वाकते, हातोडी उचलताना दुसरा हात कुठं टेकतो, एवढंच बघ. माणूस हलणार, म्हणून मिनिटभरात जेवढं येईल तेवढं. खोडरबर नाही आणि पट्टी संपली की चित्र संपलं. आकार, साधन, विषय, शेवट, चारही गोष्टी आपोआप ठरल्या. सरांचा तांब्या हाच.

रविवारी त्यातली एक पट्टी निवड, मोबाइलनं फोटो काढ आणि कृता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या लेयरवर फिकट करून ठेव. कृता पूर्ण फुकट आहे, चोरीच्या फोटोशॉपची गरज नाही. कॅन्व्हस छोटा घे, दीड हजार पिक्सेलचा. ए-फोर छापायचा तर २४८० गुणिले ३५०८ लागतात हे तुला पाठ आहे. पण तुला छापायचं नाहीये. ब्रश एकच. रंग तीनच: काळा, पांढरा आणि मधला करडा. उजेड कुठून येतो तेवढं ठरव आणि तीन रंगांत माणूस उभा कर. अधूनमधून कॅन्व्हस आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करून बघ, डोळ्याला सवय झालेल्या चुका लगेच दिसतात. मोबाइलवर पाऊण तासाचा गजर लाव. वाजला की सेव्ह, बंद. सोमवारी उघडून ‘थोडं नीट करतो’ असं करायचं नाही. पुढच्या रविवारी दुसरी पट्टी.

ज्यांच्याकडे लॅपटॉपच नाही अशा वाचकांचीही पत्रं येतात, विशेषतः मुलं झोपली की मोबाइलवर चित्रं काढणाऱ्या बायकांची. त्यांनाही हेच. आयबिस पेंटसारखं अ‍ॅप बोटानंही चालतं. भारी टॅबलेट येईपर्यंत थांबू नका.

कात्रणांवरही काही सुचेना झालं, तर नक्कल कर. तुझ्या पत्रात ‘ओरिजनल’ काहीतरी करण्याचा फार आग्रह आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. आपल्या मराठवाड्यातच, सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याला नकला करण्यात लोकांची उमेदीची वर्षं गेली आहेत. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन यायला लागले. हे काम १८८५ पर्यंत चाललं, आणि त्यातल्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच १८८५ सालच्या आगीत गेल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. अंधाऱ्या लेण्यात बसून दुसऱ्यानं दीड हजार वर्षांपूर्वी मारलेली रेघ आपल्या हातानं पुन्हा मारायची, हे या पोरांचं शिक्षण. कुणी त्यांना विचारलं नाही की तुमची स्वतःची शैली कोणती.

तूही तसंच कर. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा हात, नुसता हात, कमळ धरलेला. फोटो समोर ठेवून दहा वेळा काढ. नक्कल आहे हे फाइलच्या नावातच लिहून ठेव, म्हणजे पुढे ती आपली म्हणून कुठं टाकायचा मोह होणार नाही. जवळचं हवं असेल तर औंढा नागनाथच्या देवळाच्या बाहेरच्या भिंती आहेत, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी देवळं आहेत. दगडातली मूर्ती हलत नाही आणि पैसे मागत नाही. सुट्टी आणि पैसे जमले की अजिंठ्याला जा. सोमवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात. चित्रं बघून झाली की २४ नंबरच्या लेण्यात जरूर थांब. ते अर्धवट राहिलंय. खांब काही कोरलेले, काही नुसते ठोकळे. छिन्नी कुठून कुठं गेली ते तिथं डोळ्यांनी दिसतं. पूर्ण झालेल्या लेण्यात ते लपलेलं असतं. तुझ्यासारख्या डिझायनरला त्यातून बरंच समजेल.

एआयबद्दल खोटा धीर देणार नाही. वाढदिवसाच्या बॅनरची पार्श्वभूमी, पत्रिकेवरचा गणपती, पोस्टरवरचा मावळा, ही कामं त्याच्याकडे जाणार. काही गेलीही आहेत. तुझ्या मालकाला दोष देता येत नाही, त्याला भाडं भरायचंय. अर्थात अर्ध्या मिनिटात आलेल्या त्या चित्रावर नाव टाकायचं, बिघडलेली जोडाक्षरं सुधारायची, दहा बाय आठच्या मापात बसवायचं, छापल्यावर भगवा मातकट होऊ नये म्हणून रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तपासायचे, हे कुणी केलं? तूच केलं असशील. दुकानात ते वापरायला शिकून घे, तिथं रुसून उपयोग नाही. पण घरातल्या चित्राशी त्याचा संबंध लावू नकोस. आईची बोटं तू काढलीस ती जगात त्या चित्राची टंचाई होती म्हणून नाही. तुला त्या बोटांकडे तेवढा वेळ बघायचं होतं. यंत्रानं हजार आया काढल्या तरी ते तुझं बघणं उरतंच. त्याचे पैसे मिळतील का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि आत्ता तो विचारायची घाई नको.

त्यामुळे कोर्सचंही आत्ता नको. आटलेल्या अवस्थेत माणूस फी भरून मोकळा होतो, कारण पैसे भरले की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मग हप्ते सुरू होतात आणि चित्र तिथंच. पुढे कधी ठरवलंसच, तर आधी पुण्याला जाऊन एक दिवस वर्गात बसू द्या म्हण. बसू देत नसतील तर तिथूनच परत ये. तिथं चित्र शिकवतात की नुसतं सॉफ्टवेअर, ते बघ. सॉफ्टवेअर तू फुकटात शिकशील. गेल्या वर्षी कोर्स संपवलेल्या पोरांचे नंबर माग आणि त्यांना एकट्यानं फोन कर. नोकरीची हमी लेखी देतात का, विचार. आणि पदवीच हवी असेल, तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. बी.एफ.ए.ला प्रवेश परीक्षा असते; पात्रता आणि फी तिथंच जाऊन विचार, एजंटाला नको.

एक शंका मात्र विचारून ठेवतो. फक्त चित्रच नकोसं झालंय, की जेवण, झोप, मित्र, क्रिकेट, सगळंच? पत्रावरून तसं वाटत नाही, मालकाची नक्कल तू मस्त उतरवलीयस. पण कुणाही वाचकाचं सगळ्यातूनच मन उडालं असेल आणि आठवडे लोटले असतील, तर तो चित्रकलेचा प्रश्न नसतो. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं. डॉक्टरकडे जायला तर मुळीच लाजू नये.

राहिलं, नाद सोडण्याचं. सोडलास तरी माझी हरकत नाही. इंटरमिजिएटला ‘ए’ मिळालेल्या प्रत्येकानं आयुष्यभर चित्रं काढलीच पाहिजेत असा कायदा नाही. फक्त आज सोडू नकोस, कारण आज तू चित्राला कंटाळलायस की लाइकला, हे तुलाच कळत नाहीये. दोन महिने पट्ट्या भर. आठ रविवार होतील. त्यातला एखादा रविवार असा आला की गजर वाजल्यावर चिडचिड झाली, अजून दहा मिनिटं हवी होती असं वाटलं, तर पुढचे दोन महिनेही तसेच काढ. आठही रविवार कंटाळ्यातच गेले, तर टॅबलेट चालू आहे तोवर विकून टाक, बरे पैसे येतील. त्यात हरल्यासारखं काही नाही.

वडिलांशी वाद घालू नकोस. सोयाबीनचा भाव कधी काय होईल याचा भरवसा नसलेला माणूस पोरासाठी महिन्याच्या महिन्याला येणारा पगार मागतोय, त्यात त्यांचं काय चुकलं? भरतीचा फॉर्म भरायचा तर भर. सकाळी पळायला जा, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या तुझ्या पाठीला ते हवंच आहे. पण त्यांना एक स्पष्ट सांग की रविवारचा पाऊण तास माझा, त्या वेळी शेतावर हाक मारायची नाही. आधी परवानगी मागायच्या भानगडीत पडू नकोस, नुसतं सांग. कुरकुर करतील. रविवारी सकाळीच दोन तास शेतावरचं काम उरकून आलास, तर तीही करणार नाहीत.